पहिल्या नंबरचा माणूस

३ मार्च, सोमवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर शेजारणीचं आहे. माझं ओळखलंस तर न फोडता परत पाठवशील, म्हणून तिच्याकडून पत्ता लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर एवढं पान वाच. सात वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, आजही मागत नाही.

कालच्या पेपरात आमच्या दवाखान्याची बातमी आहे. तू पेपर मथळ्यापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचतोस, तेव्हा ती तुझ्या नजरेतून सुटलेली नसणार. माजी सैनिकांच्या दवाखान्यात आतडं तपासायच्या दुर्बिणीचा एक भाग नीट धुतला जात नव्हता, त्यामुळे एकाच्या रक्तातलं दुखणं दुसऱ्याला लागलेलं असू शकतं, तपासणी झालेल्यांना पत्रं पाठवून रक्त द्यायला बोलावणार, वगैरे. 'शक्यता अत्यल्प' असंही छापलंय. ते शब्द आमच्या अधीक्षकांचे.

तुझी तपासणी बारा नोव्हेंबरला झाली. मी त्याच इमारतीत कामाला आहे, हे वहिनीकडून तुला कळलं असेलच. सांगायचं ते हे, की तुला पत्र येणार नाही. तुला विसरले म्हणून नव्हे. दोष आहे तो दुर्बिणीला पाणी पुरवणाऱ्या एका नळीचा. ती नळी दिवसभर तीच चालायची आणि संध्याकाळी बदलली जायची. म्हणजे सकाळी ती स्वच्छ असायची. जो पहिला आत गेला त्याला धोका नाही, धोका दुसऱ्यापासून पुढच्यांना. त्यामुळे पत्रं जाणार आहेत ती दुसऱ्या नंबरापासून. मी नोंदवही पाहिली. पाहायची परवानगी नाही, तरी पाहिली. बारा नोव्हेंबर, साडेआठ, पहिल्या ओळीत तू. मी वही मिटली आणि होती तशी कपाटात ठेवली.

बाबांच्या वेळचं तू मनात धरून आहेस, ते मला माहीत आहे. तू पोचायच्या आदल्या दिवशी मी कागदावर सही केली, त्यांचं श्वासाचं यंत्र काढायला सांगितलं, आणि तू आलास तो रिकाम्या खाटेपाशी. त्याबद्दल हे पत्र नाही. तू सुरक्षित आहेस, एवढंच कळवायचं होतं.

वहिनीला माझा नमस्कार सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

धाकटी


११ मार्च, मंगळवार

दादा,

मागचं पत्र फाडून टाक. मी लिहिलं ते चुकीचं होतं. उद्या, फार तर परवा, दवाखान्यात ये आणि रक्त दे.

काय झालं ते नीट सांगते. दुर्बिणी धुण्याची खोली सध्या बंद आहे. मी त्या खोलीत काम करते, हे मागच्या वेळी लिहायचं राहिलं. खोलीला कुलूप, म्हणून मला खालच्या दालनात टेबलाशी बसवलंय. माणसं पत्र घेऊन येतात, मी त्यांचा अर्ज भरते आणि रक्त घेतात त्या खोलीकडे पाठवते.

दादा, माणसं ओरडत नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. रांगेत ताठ उभी राहतात आणि टेबलाशी आली की वाकून हळूच विचारतात. एकाने विचारलं, नातीला मांडीवर घेऊ का. एकाने विचारलं, बायकोला सांगायलाच हवं का. एक जण म्हणाला, जानेवारीत शिबिरात मी रक्तदान केलं, ते कुणाला दिलं असेल, कळेल का? सैन्याच्या स्वयंपाकघरात ज्याची नोकरी झाली असा एक आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे पातेलं असं धुतलं असतं तर धुणाऱ्याला तुकडीपुढे उभं केलं असतं." मी मान खाली घालून त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

आज अकराच्या सुमाराला एक म्हातारे आले. त्यांना सगळे 'तोफखाना' म्हणतात. नोकरी तिथे झाली म्हणून, आणि बोलतातही तसेच म्हणून. त्यांनी पत्र माझ्यापुढे आपटलं. म्हणाले, हे मला चुकून आलंय, तुमचा नियम मी वाचलाय, मी पहिला आत गेलो होतो. मी यादी पाहिली. त्यांचा नंबर पाचवा, वेळ पावणेबाराची. तसं सांगितलं.

"वहीत असेल पाचवा," ते म्हणाले. "मला साखर आहे, बाई. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नाही, सकाळी साडेआठलाच डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेजारी बसलेल्या भल्या माणसाने आपला नंबर मला दिला आणि तो माझ्या जागी थांबला."

तारीख त्यांच्या पत्रावरच होती. तरी मी विचारली. बारा नोव्हेंबर. माणूस कोण, ते विचारलं. नाव त्यांना आठवेना. पूल बांधणाऱ्या तुकडीतला होता म्हणाले, डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मला उठून उजवीकडे बसावं लागलं.

ती तुकडी तुझी, तो कान तुझा. तोफखाना काका जिंकल्यासारखे उभे होते. मी त्यांना म्हटलं, आलात तसं रक्त देऊन जा. ते कुरकुरत गेले.

वहीत तू पहिला आहेस, आणि तू आत गेलास पाचवा. तुझ्याआधी चौघं गेले. तू हे जाणतोस. माझं पहिलं पत्र वाचतानाच तुला ते कळलं असणार. मग गप्प का राहिलास?

ये.

धाकटी


१६ मार्च, रविवार

दादा,

काल वहिनीचा फोन आला. तुला आलेली माझी दोन्ही पत्रं तिने वाचली, तुझ्या नकळत. आता हेही तुला कळलं, तिच्यावर चिडू नकोस.

ती म्हणाली की तू रक्त द्यायला जायला तयार नाहीस. तिने विषय काढला तर म्हणालास, "कागदावर मी पहिला आहे ना? मग झालं." आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. बातमी आल्या दिवसापासून तू तुझा कप वेगळा केलास. टॉवेल वेगळा. दाढीचं सामान पिशवीत घालून वरच्या फळीवर. झोपायला बाहेरच्या खोलीत जातोस, पाठ दुखते म्हणून सांगतोस. तीस वर्षं ज्या बाईने तुझी पाठ चोळली तिला तू पाठदुखीची थाप मारतोस.

म्हणजे तुला भीती आहे. फक्त तिचं नाव तुला जाणून घ्यायचं नाही. कप वेगळा करून हा आजार अडत नाही, दादा, तो रक्तातून पसरतो. आणि असलाच तर आता त्यावर गोळ्या आहेत, बारा आठवड्यांत जातो. नुसतं बसून राहिलास तर मात्र तो आतून यकृत खात राहील आणि दहा-बारा वर्षांनी उठेल, तेव्हा गोळ्या पुरणार नाहीत.

आता माझ्याकडची एक गोष्ट सांगते. त्यानंतर तुला यावंसं वाटेल की आणखीच वाटणार नाही, मला ठरवता येत नाही.

त्या विभागात दुर्बिणी धुणाऱ्या दोघी आहोत. एका आठवड्यात ती, एका आठवड्यात मी. बारा नोव्हेंबरचा आठवडा माझा होता.

सकाळी यादी आली तेव्हा तुझं नाव पाहिलं. आमच्या खोलीला तपासणीच्या खोलीत उघडणारी एक छोटी खिडकी आहे, वापरलेली दुर्बीण त्यातून आत येते. एरवी मी ती उघडीच ठेवते, सिस्टरशी दोन शब्द होतात. त्या दिवशी लावून घेतली. दुर्बीण आली की टकटक व्हायची, मी फटीतून घ्यायची, पुन्हा लावायची. तू मला पाहू नयेस म्हणून. पहिली दुर्बीण आली तेव्हा ती तुझीच, असं धरून चालले. जरा जास्तच घासली. नंतर दुपारी बारा वाजून गेल्यावर भिंतीपलीकडे तुझं खाकरणं ऐकू आलं. मला वाटलं, गुंगी उतरेपर्यंत झोपला असेल, आता निघाला. खिडकी उघडी असती तर कोण कितव्यांदा आत गेलं हे मला दिसलं असतं.

तुझ्यापासून मी दहा पावलांवर होते.

धाकटी


२३ मार्च, रविवार

दादा,

तू आला नाहीस. मी रोज रांगेत पाहते.

बुधवारी मी अधीक्षकांकडे गेले. सांगितलं की वहीतला क्रम खरा धरता येत नाही. माणसं आपसात नंबर बदलतात, कुणाला बस गाठायची असते, कुणाला चक्कर येते, सिस्टर हो म्हणते आणि वहीत कुणी खाडाखोड करत नाही. तेव्हा पहिल्या नंबरच्यांनाही बोलवा. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, झोप नसलेल्या माणसासारखे दिसतात. ते म्हणाले, नोंदवही म्हणजे नोंदवही. एकदा ती खोटी ठरली तर उद्या यादीतलं काहीच खरं ठरणार नाही. असा कुणी एक माणूस माहीत असेल तर त्याला खासगीत बोलावून घ्या, तपासून देतो. मी विचारलं, आणि मला माहीत नसलेले? ते फोन घ्यायला वळले.

गेल्या अकरा महिन्यांत पहिल्या नंबरची माणसं दोनशे सहा आहेत. मी मोजली.

तुला अकरा महिनेच का ते सांगायला हवं. नवं यंत्र आलं तेव्हापासूनचे ते अकरा महिने. कंपनीचा माणूस आला होता, त्याने वीस मिनिटांत सगळं दाखवलं. ही नळी संध्याकाळी बदलायची, म्हणाला. त्याला घाई होती. आम्ही माना डोलावल्या. यंत्रासोबत एक पुस्तिका होती, ती प्लास्टिकच्या वेष्टनासकट खणात पडून राहिली. सगळ्यांना सांगायची गोष्ट इथे संपते: कंपनीच्या माणसाने चुकीचं शिकवलं, आम्ही बिचाऱ्यांनी तसं केलं. पेपरातही तेच आलं आहे.

पुढचं पेपरात नाही. दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी ते वेष्टन फाडलं. एकोणिसाव्या पानावर नळीचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, प्रत्येक रुग्णानंतर बदलावी. मी पुस्तिका घेऊन मेट्रनकडे गेले. तिनेच मला हे काम शिकवलं, दुर्बीण कशी धरायची, ब्रश कुठवर घालायचा, हातमोज्याला बारीक भोक आहे की नाही हे पाणी भरून कसं पाहायचं. तिने पान वाचलं. म्हणाली, भांडारात एवढ्या नळ्या नाहीत, मी मागणी करते, तोवर आहे तसं चालू दे. मी चालू दिलं. आठवड्याने विचारलं, महिन्याने विचारलं, मग विचारणं सोडलं. माझा आठवडा असायचा तेव्हा प्रत्येक दुर्बिणीमागे तक्त्यावर माझी सही असायची. 'सर्व भाग स्वच्छ.' दिवसाला सहा वेळा. तुझ्यानंतरही केली. माझं अक्षर छान आहे, सगळे म्हणतात.

शुक्रवारी मेट्रन घरी आली होती. निवृत्तीला पाच महिने उरलेत. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, गुरुवारी सभागृहात माजी सैनिकांची बैठक आहे, चौकशीचे लोक येणार, तुला उभं करतील. तू एवढंच म्हण की मला माहीत नव्हतं. मी म्हणते मला माहीत नव्हतं. खोटं नाही ते, एवढ्या कामात कोण काय लक्षात ठेवतं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी काय बोलणार, मला माहीत नाही. तुला विचारत नाही, सांगते आहे. बैठक चार वाजता आहे.

धाकटी


२९ मार्च, शनिवार

दादा,

गुरुवारच्या बैठकीला तू होतासच, मग तुला काय सांगायचं, असं वाटलं. पण तू मागे उभा होतास आणि डाव्या बाजूला ध्वनिक्षेपक होता, तेव्हा सगळं ऐकू आलं असेल की नाही शंका आहे. म्हणून लिहिते.

माझ्याआधी मेट्रन बोलली. ठरल्याप्रमाणे बोलली. मग माझी पाळी. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, प्रत्येक रुग्णानंतर नळी बदलायची, हे तुम्हाला केव्हा कळलं? मी म्हटलं, बातमी यायच्या नऊ महिने आधी. तो स्वयंपाकघरवाला दुसऱ्या रांगेत होता, त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. मग एकोणिसाव्या पानाचं सांगितलं. मेट्रनला दाखवलं तेही सांगितलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती. मला तिची दया आली आणि तरी मी थांबले नाही. सह्यांचं सांगितलं.

अधीक्षक म्हणाले, बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, नोंद घेऊ, पुढचा विषय. मी म्हटलं, माझं संपलं नाही. वहीतला क्रम खोटा आहे. पहिल्या नंबरच्या दोनशे सहा जणांना तुम्ही बोलावलेलंच नाही. साहेबांनी विचारलं, याला पुरावा काय? मी तोफखाना काकांकडे पाहिलं. काका उठले आणि दणदणीत आवाजात म्हणाले, मीच पुरावा. पण त्यांचं रक्त स्वच्छ आलं होतं, त्यामुळे अधीक्षक म्हणाले, एका वयस्कर माणसाची आठवण, एवढ्यावर आम्ही यादी बदलू शकत नाही. काकांना नंबर देणारा कोण, त्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं, आणि मी तुझं नाव घेणार नव्हते. घरून ठरवून आले होते. तुझं शरीर, तुझी गोष्ट.

तेव्हा तुझा आवाज आला. सात वर्षांनी ऐकला.

"बारा नोव्हेंबर. वहीत पहिला. आत गेलो पाचवा. या बाईंच्या नात्यातला आहे, म्हणून आधी बोललो नाही."

एवढं बोलून तू बसलाही नाहीस. मग खिडकीजवळचा एक उठला, म्हणाला, मीही बदलला होता, सप्टेंबरात. मग आणखी एक. अधीक्षक पेन खाली ठेवून हातात डोकं धरून बसले. मी वळून पाहिलं तोवर तुझी पाठ दारातून बाहेर जाताना दिसली.

दोनशे सहा जणांना पत्रं निघाली आहेत. तू काल रक्त दिलंस, हे माझ्या जोडीदारणीने कळवलं; दुर्बिणी धुणारी ती दुसरी, आता टेबलाशी तीच बसते. मला कालपासून कामावर यायची मनाई आहे, चौकशी संपेपर्यंत निलंबित. मेट्रनही. घरी दुपारच्या वेळी काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. डबे घासून झाले.

निकाल यायला दहा-बारा दिवस लागतात. काहीही आलं तरी मला कळव, किंवा वहिनीला कळवू दे. नाहीच कळवलंस तर मी विचारणार नाही.

धाकटी


१३ एप्रिल, रविवार

दादा,

बुधवारी तू घरी येऊन गेल्यापासून हे पत्र चार वेळा सुरू केलं.

दारात तू दिसलास तेव्हा मला आधी वाटलं वहिनीला काही झालं. तू बूट न काढता दाराजवळच्या खुर्चीत बसलास, चौकशीला आलेल्या माणसासारखा. निकाल सांगितलास, तोही कुणा तिसऱ्याचा असावा तसा. हिपॅटायटिस सी. यकृताला अजून फारसा धक्का नाही, बारा आठवडे गोळ्या. वहिनीचं रक्त स्वच्छ. वहिनीचं सांगताना मात्र तू खिडकीबाहेर पाहिलंस.

तुला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कुठून आला ते सांगता येत नाही. वीस वर्षांपूर्वी पुलाची तुळई अंगावर आली तेव्हा तुला रक्ताच्या सहा बाटल्या चढवल्या होत्या, तेव्हाचाही असेल. त्या दिवशी तिसऱ्या नंबरला जो आत गेला त्यालाही तोच आजार आहे, त्याचा असेल. दोघांचं रक्त जुळवून पाहायची सोय आहे, पण तू नको म्हणालास. मी म्हटलं, बघू दे ना दादा, मला कळायला हवं. तेव्हा तू माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलंस.

"गोळ्या त्याच घ्यायच्या आहेत," तू म्हणालास. "माझ्याकडून निकाल मागू नकोस."

बरोबर आहे तुझं. मी तीन दिवस त्यावर रडले, पण बरोबर आहे. नळ्या मी बदलल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे. त्याला तुझ्या रक्ताची साक्ष कशाला हवी?

मग उठता उठता तू विचारलंस, त्या दिवशी वेळ होता का. मी म्हटलं, चहा ठेवते. तू उभ्यानेच अर्धा कप प्यायलास आणि निघालास. पुन्हा विचारलं नाहीस.

वेळ होता, दादा.

बाबांचे डॉक्टर म्हणाले होते, यंत्र सुरू ठेवलं तर अजून दोन दिवस काढतील, कदाचित तीन. तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार, हे वहिनीने कळवलं होतं. मला गाडीची वेळसुद्धा माहीत होती. मी तुला आणि सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी लगेच ठरवायला लावलं, बाबांना फार त्रास होत होता. बाबांना काही कळत नव्हतं. त्रास मला होत होता. एकोणीस दिवस मी त्या खाटेशेजारी बसून होते, ते यंत्र खाली-वर होताना पाहत. तू आला असतास तर म्हणाला असतास, अजून चार दिवस बघू. तुझं ते चुकलं नसतं. पण मग मला पुन्हा त्या खुर्चीत बसावं लागलं असतं. म्हणून तू यायच्या आत सही केली. उरकून टाकलं.

तू विचारू नयेस म्हणून मीच उलट तुझ्यावर रुसले. घरच्यांना सांगत राहिले की त्याला काय, तो लांब होता, निस्तरलं मी. ऐकणाऱ्यांना पटायचं. मलाही पटत आलं होतं.

माफी मागायला हे लिहीत नाही. तू विचारलंस, म्हणून लिहिलं.

धाकटी


२० एप्रिल, रविवार

दादा,

आज सकाळी वहिनीचा फोन आला. तुला पत्र गुरुवारी मिळालं. तू ते वाचून खिशात घातलंस, बाहेर फिरायला गेलास आणि दुपारच्या जेवणाला आला नाहीस. शुक्रवारी कुणाशी बोलला नाहीस. काल संध्याकाळी तिला म्हणालास, गोळ्या सुरू करायच्या आधी मंगळवारी पुन्हा रक्त द्यायचंय, पोटाची तपासणीही आहे, सोबत कुणी असावं असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. "तू येऊ नकोस, तिथले जिने तुला झेपत नाहीत. धाकटीला विचार, येते का."

मी वहिनीला विचारलं, तो रागावलाय का माझ्यावर.

"आहेत ना," ती म्हणाली. "खूप रागावलेत. पण विचार म्हणाले."

येते. नऊ वाजता फाटकापाशी उभी असेन. निलंबित माणसाला कुणाची सोबत म्हणून आत सोडतात का, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, मी सगळे पाहिले. बहुतेक नाही सोडणार. तू आत जा, माझ्यासाठी वाद घालू नकोस. तुझं आटपेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी, मी बाहेर थांबेन.

धाकटी